साठीच्या उंबरठ्यावरचा हप्ता

"मॅडम, या वयात गृहकर्ज काढू का?" समुपदेशनाच्या कामात गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्यासमोर इतक्यांदा आला की एका जोडप्याची गोष्ट सांगून टाकावी असं वाटलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

गृहस्थ 56 वर्षांचे, नाशिकला सरकारी नोकरीत. दोन वर्षांनी निवृत्ती, मग क्वार्टर सोडायचं. त्यांनी तीन खोल्यांचा फ्लॅट हेरला होता. कर्ज 30 लाख, मुदत 12 वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता 33 हजारांच्या वर जात होता. मुलाला सहकर्जदार करायचं ठरवलं होतं. झोप उडाली होती, बीपी वाढलं होतं. शेजारी बसलेल्या बाई पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत गप्प.

"स्वतःचं घर झालंच पाहिजे," हे वाक्य पहिल्या तासाभरात मी सात वेळा मोजलं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी श्रद्धा आहे, त्यामुळे माझा कान त्या 'च'वर असतो. घर हवंसं वाटणं निरोगी आहे, पण 'झालंच पाहिजे' आलं की माणूस आकडे बघायचं थांबवतो.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "नाही झालं तर नेमकं काय होईल?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "वडील गेले तेव्हा आम्ही पंचवटीत एका वाड्यात भाड्याने राहायचो. त्या दिवशी मालकांकडे मुंज होती. म्हणाले, मागच्या दाराने न्या." आवाज फुटला. "मला माझ्या दारातून जायचंय, मॅडम."

इतक्या वर्षांच्या कामात मी एक शिकले आहे, अशा वेळी घाई करायची नाही. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि थांबले. बोलल्या त्या बाई.

"अहो, तुम्ही शेवटच्या दिवसाचं घर बघताय. मधल्या वीस वर्षांचं काय?"

ते बायकोकडे बघत राहिले. तेवढ्यात मला कळलं की आम्ही तिघंही इतके दिवस वेगवेगळ्या घरांबद्दल बोलत होतो. त्या दिवशी मी एकही सल्ला दिला नाही, आणि ते बरोबरच केलं असं आजही वाटतं.

पुढच्या भेटीत वही काढली. उशिरा कर्ज काढणाऱ्या प्रत्येकाला मी एक हिशेब करायला लावते: हप्ता आजच्या पगारात नव्हे, पेन्शनमध्ये बसवून बघा. जुन्या योजनेत पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी. त्यातली 40 टक्क्यांपर्यंत विकली तर हातात एकरकमी पैसा येतो, पण दरमहाची पेन्शन तेवढी कमी होते. नवरा गेल्यावर पत्नीला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन पुढे मूळ वेतनाच्या साधारण 30 टक्केच. या गृहस्थांचं मूळ वेतन 60 हजार, म्हणजे बाईंना महागाई भत्ता सोडून 18 हजार. हा आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला आणि पेन खाली ठेवलं.

मुलाचंही तसंच. सहकर्जदार म्हणजे नुसती सही नव्हे. वडिलांनी हप्ते थकवले तर बँक त्याच्याकडे येते, आणि उद्या त्याला स्वतःचं घर घ्यायचं असेल तर हे कर्ज त्याच्या नावावर दिसतं. त्याला हे समोर बसवून विचारा, गृहीत धरू नका. कर्जाइतका मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) या वयात महाग पडतो, तरी त्याचा भाव काढाच.

शेवटी पाथर्डी फाट्याकडे दोन खोल्यांचा जुना फ्लॅट ठरला. कर्ज 15 लाख, दहा वर्षं, हप्ता 18,600च्या आसपास, मुलाची सही न घेता. निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीतला काही भाग कर्जात भरायचा, सगळी नाही. घरासाठी बदलत्या दराचं कर्ज घेतलेल्या व्यक्तीला मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल दंड लागत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाईंच्या अटी दोनच होत्या, लिफ्ट आणि चालत जाता येईल असा भाजीबाजार.

परवा दोघं पेढे घेऊन आले होते. सासऱ्यांचा फोटो दारासमोरच्या भिंतीवर लावायचा, असं बाईंनी ठरवलंय.