मुलाने शेजारच्या काकूंना ‘जाड’ म्हटले, तेव्हा

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका गृहसंकुलात राहतो. माझ्या चार वर्षांच्या मुलाने लिफ्टमध्ये सर्वांसमोर शेजारच्या काकूंना विचारले, “काकू, तुम्ही एवढ्या जाड का?” मी त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि घरी आल्यावर त्याला रागावले. काकू काहीच बोलल्या नाहीत. अशा वेळी मुलाला काय सांगावे आणि आता काकूंना कसे सामोरे जावे?

उत्तर : तुमच्या मुलाने दिसले ते विचारले. आपल्या बोलण्याने समोरच्या माणसाला काय वाटेल, ही समज साधारणपणे चौथ्या-पाचव्या वर्षी आकार घेऊ लागते; त्यामुळे त्याच्या प्रश्नात दुखावण्याचा हेतू शोधू नका. मात्र जाडपणाला वाईट अर्थ जोडायला मुले फार लवकर शिकतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना गोष्टीतले दुष्ट मूल कोणते असे विचारले, तेव्हा त्यांनी सडपातळ चित्रापेक्षा जाड मुलाच्या चित्राकडे अधिक वेळा बोट दाखवले.

म्हणूनच तोंडावर हात ठेवणे मला योग्य वाटत नाही. त्यातून काकूंचे शरीर ही बोलूही नये इतकी लाजिरवाणी गोष्ट आहे, असे मुलाला कळते, आणि त्याहून वाईट म्हणजे काकूंनाही तेच ऐकू येते. “छे, काकू कुठे जाड आहेत?” असेही म्हणू नका, कारण ते खरे नाही हे त्याला दिसते. आधी काकूंकडे पाहून “माफ करा, काकू” म्हणा आणि मग त्याला शांत आवाजात सांगा, “सगळ्यांची शरीरे वेगवेगळी असतात. कुणाच्या शरीराविषयी आपण असे विचारत नाही, त्यांना वाईट वाटू शकते. तुला काही विचारायचे असेल तर घरी मला विचार.” घरी त्याने खरोखरच विचारले, तर “जास्त खाल्लेस तर तूही तसाच होशील” ही भीती कृपया घालू नका. वजनामागे आनुवंशिकता, थायरॉइडचा विकार, स्टेरॉइडसारखी औषधे अशी अनेक कारणे असतात आणि त्यांतले काकूंचे कारण कोणते, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

काकूंची क्षमा तुम्ही स्वतः मागा. मुलाला त्यांच्यासमोर उभे करून वदवून घेऊ नका. “त्या दिवशी माझ्या मुलाच्या बोलण्याने तुम्हाला वाईट वाटले असेल, मला माफ करा,” एवढे पुरे. त्यापुढे खुलासा, त्यांच्या दिसण्याची स्तुती किंवा आहाराचा सल्ला नको. त्यानंतर नेहमीसारखे बोला; त्यांना टाळण्यासाठी दुसऱ्या लिफ्टची वाट पाहू नका.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नसली तरी लिहिते. लग्नात किंवा गणपतीत भेटल्याबरोबर “किती सुटलीस!” किंवा “अगदीच वाळलास रे!” असे आपण सहज म्हणतो आणि मुले ते ऐकत असतात, आरशासमोर उभे राहून स्वतःच्या पोटाला नावे ठेवणारी आईही त्यांना ऐकू येते. पुढच्या समारंभाआधी घरातल्या मोठ्यांना बाजूला घेऊन, मुलासमोर कुणाच्याही वजनाचा विषय काढू नये, अशी आदराने विनंती करा.