मुलीच्या रोबोटिक्स टीमचं पहिलंच वर्ष आहे. किती गुणांची आशा धरावी?

तुमची मुलगी यंदा फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेत पहिल्यांदा उतरतेय, टीममधली मुलं यूट्यूबवरच्या मॅच बघून "आपण २०० करणार" म्हणतायत, आणि त्यांचा हिरमोड न करता खरं कसं सांगायचं असं तुम्ही विचारलंय. मी काही वर्षं एका शाळेच्या टीमची मेंटर आहे. माझं म्हणणं असं, की तुम्ही सांगूच नका. आकडे मुलांनाच काढू द्या.

व्हिडिओत दिसणारा स्कोअर एका रोबोटचा नसतो. अलायन्समधल्या, म्हणजे एका बाजूने मिळून खेळणाऱ्या दोन टीमच्या रोबोटचा मिळून असतो, वर समोरच्यांच्या चुकांचे पेनल्टी गुणही त्यात असतात. म्हणून यंदाच्याच गेमचे, आपल्यासारख्या स्पर्धेतले सगळे स्कोअर घ्या, पेनल्टी वजा करा, क्रमाने लावा आणि मधला आकडा बघा. त्याचं निम्मं हे साधारण एका रोबोटचं काम. सरासरी नको, दोन-तीन तगड्या टीम तिला फुगवतात.

पण खरा उपयोग स्टॉपवॉचचा. २०२४-२५ च्या 'इनटू द डीप' या गेममध्ये वरच्या बास्केटमध्ये एक सॅम्पल (रोबोटने उचलायचा ठोकळा) टाकलं की ८ गुण होते. टेलिऑपची, म्हणजे मुलं स्वतः रोबोट चालवतात त्या भागाची १२० सेकंदं, दर १० सेकंदांना एक, म्हणजे १२ सॅम्पल आणि ९६ गुण, असा आमच्या मुलांचा हिशोब. मग सरावात सलग दहा फेऱ्यांची वेळ घेतली, फसलेल्या फेऱ्याही सोडल्या नाहीत. एका सॅम्पलला २२ सेकंदं पडत होती. शेवटची २० सेकंदं पार्किंगसाठी, म्हणजे रोबोट ठरलेल्या जागी नेऊन उभा करायला ठेवली तर जेमतेम चार सॅम्पल. फळ्यावर ३२ लिहिल्यावर खोली गप्प झाली. थोड्या वेळाने एक मुलगी म्हणाली, "पण ही बावीस सेकंदं जातात कुठे?" तो प्रश्न ऐकून मला फार बरं वाटलं. निम्मा वेळ रोबोट सॅम्पलसमोर नीट उभा करण्यातच जात होता. इनटेक, म्हणजे सॅम्पल उचलणारा भाग, रुंद केल्यावर २२ ची १६ झाली, म्हणजे सहा सॅम्पल, ४८ गुण. हे आकडे त्यांनी परीक्षकांना द्यायच्या पोर्टफोलिओतही घातले.

स्पर्धेच्या दिवशी मुलं ओपीआर बघतील. अलायन्सच्या एकत्र स्कोअरमधून प्रत्येक टीमचा वाटा काढणारं ते गणित आहे. २० टीम आणि प्रत्येकीच्या पाच मॅच धरल्या तर २० अज्ञातांसाठी फक्त ५० स्कोअर हाती येतात. एवढ्यावर दहाव्या आणि तेराव्या टीमला लहान-मोठं ठरवू नये. जोडीदार टीम निवडताना मॅच डोळ्यांनी बघितलेल्या मुलाचं आधी ऐकावं.

ध्येय क्रमांकाचं ठेवू नका, तो समोर कोण येतं त्यावर ठरतो. "पाचपैकी तीन मॅचमध्ये चार सॅम्पल" असं काहीतरी, यंदाच्या गेमप्रमाणे, एवढंच कागदावर लिहा. उरलेल्या दोन मॅच मुद्दाम मोकळ्या सोडल्यात, कारण पहिल्या वर्षी एखाद्या मॅचमध्ये बॅटरीचा कनेक्टर निसटतोच.