हॅमंड आजोबा खरे कोणते?

प्रश्न : 'जुरासिक पार्क' हा चित्रपट मी नवव्या वर्षी पाहिला, तेव्हापासून त्यातले बेटावर जिवंत डायनासोरचे उद्यान उभारणारे, पांढऱ्या दाढीचे, प्रेमळ हॅमंड आजोबा माझ्या मनात घर करून आहेत. अलीकडे मुलीसोबत तो पुन्हा पाहिला आणि मायकेल क्रायटन यांची मूळ कादंबरीही प्रथमच वाचली. तिथला हॅमंड लोभी आणि हेकट निघाला. शेवटी त्याचा मृत्यूही ओढवतो. लहानपणी आपल्याला खोटेच सांगितले गेले, असे वाटून मन खट्टू झाले. त्यातले विज्ञानही चुकीचे ठरले आहे, असे ऐकते. मुलगी मात्र चित्रपट पुन्हा पाहू म्हणते. तिला काय सांगावे?
— एक वाचक

उत्तर : मीही आधी चित्रपट आणि पुष्कळ वर्षांनी कादंबरी अशाच क्रमाने गेलो, त्यामुळे आपला हिरमोड मला ठाऊक आहे, पण हे खोटे सांगणे आहे, असे मला वाटत नाही. कादंबरी 1990ची, स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा चित्रपट 1993चा, आणि त्याच्या पटकथेवर डेव्हिड केप यांच्यासोबत खुद्द क्रायटन यांचेही नाव आहे.

दोन्हींतला एकेक प्रसंग शेजारी ठेवून पाहा. चित्रपटात उद्यानाची वीज गेलेली असताना हॅमंड भोजनगृहात एकटाच, वितळू लागलेले आइस्क्रीम खात बसलेला असतो आणि आपल्या पहिल्या खेळाची, पिसवांच्या सर्कशीची, आठवण सांगतो. तिथे पिसवा नव्हत्याच. झोपाळे आणि पाळणे यंत्राने हलत आणि लोकांना मात्र पिसवा दिसत. कादंबरीतला हॅमंड भांडवल गोळा करताना पिंजऱ्यातून वीतभर उंचीचा हत्ती नेत असे. पण त्या हत्तीला वारंवार सर्दी होते आणि त्याचा स्वभाव उंदरासारखा चिडखोर झाला आहे, हे तो गुंतवणूकदारांना सांगत नसे. माणूस एकच आहे. जे नाही ते आहे असे भासवण्याची हातोटी दोघांकडे आहे. एकाला तिची खंत वाटते आणि दुसऱ्याला शेवटपर्यंत वाटत नाही, एवढाच फरक.

चित्रपटात खरोखर हरवले आहे ते वेगळेच, आणि माझ्या मते कादंबरीचा प्राण तिथेच आहे. बेटावरच्या प्राण्यांची मोजदाद संगणक करत असतो आणि दर वेळी अपेक्षित आकडा, 238, बरोबर जुळतो. गणितज्ञ इयान माल्कम याला लहान डायनासोरच्या एका जातीच्या उंचीचा आलेख खटकतो. हे प्राणी तीन तुकड्यांत सोडलेले असल्याने आलेखाला तीन शिखरे असायला हवीत, पण दिसते ती एकच घंटेच्या आकाराची वक्ररेषा, म्हणजे निसर्गतः वाढणाऱ्या कळपाची खूण. मग तो 239 प्राणी शोधायला सांगतो, तेवढे सापडतात. 300 शोधायला सांगतो, तेव्हा 292 सापडतात. प्राणी कमी झाल्याचे कळावे म्हणून बनवलेली ही व्यवस्था, ते जास्त झाले असतील अशी शंकाच कुणाला नसल्यामुळे, ठरलेला आकडा पुरा होताच मोजणे थांबवत होती. इथे कुणी ओरडत नाही, रक्त सांडत नाही, केवळ पडद्यावरचे अंक बदलतात. तरी संपूर्ण पुस्तकात याहून भयंकर पान मला आढळले नाही. प्राण्यांची वीण होते हे चित्रपटालाही सांगावे लागते, पण तिथे फुटलेल्या अंड्यांची टरफले दाखवून काम भागते.

विज्ञानाचे म्हणाल, तर आपण ऐकले ते खरे आहे. मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांवरील 2012च्या अभ्यासात डीएनएचे अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा नष्ट होण्याचा काळ, सुमारे 521 वर्षे आढळले, तर पक्षी वगळता बाकीचे डायनासोर सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी नष्ट झाले. कथेत ज्यातल्या डीएनएपासून डायनासोर बनवले, ते अंबरमधल्या, म्हणजे झाडाच्या गोठलेल्या चिकातल्या, डासाच्या पोटातले रक्त एवढा काळ उपयोगी राहणे शक्य नाही. चित्रपटातल्या रॅप्टरला, म्हणजे व्हेलॉसिरॅप्टरला, पिसे होती, याचा हाडावरचा पुरावा 2007 साली प्रसिद्ध झाला, आणि हा प्राणी टर्कीएवढाच होता. हे सारे मुलीला जरूर सांगा, फक्त चित्रपट संपल्यानंतर.

पुन्हा पाहताना तिला गाडीतल्या पाण्याच्या पेल्याकडे लक्ष द्यायला सांगा. टी-रेक्स अजून दिसलेलाही नसतो. केवळ पाण्यावर वर्तुळे उमटतात आणि आपण श्वास रोखतो. ती वर्तुळे गाडीत बसवलेली गिटारची तार छेडून उमटवली होती. दोन तासांहून थोड्या मोठ्या या चित्रपटात डायनासोर जेमतेम पंधरा मिनिटे दिसतात. बाकीची भीती अशा पेल्यांतून आलेली आहे, आणि म्हणूनच ती आजही शिळी झालेली नाही.

कादंबरी मात्र तिच्या हाती एवढ्यात देऊ नये. तान्ह्या बाळावरील हल्ल्याचे त्यातले वर्णन मोठ्यांनाही जड जाते. तेरा-चौदा वर्षांपर्यंत थांबावे. तोवर चित्रपटाने एक देणे तिच्यासाठी आधीच देऊन ठेवले आहे. कादंबरीत हॅमंडच्या दोन नातवंडांपैकी टिम हा थोरला भाऊ, डायनासोर त्यालाच ठाऊक आणि संगणकही तोच हाताळतो. लहानगी लेक्स बहुतेक वेळ कुरकुरत असते. चित्रपटाने वये उलटी केली. रॅप्टर दार ढकलत असताना संगणकासमोर बसून कुलपे पुन्हा चालू करणारी मुलगी तिला फक्त चित्रपटातच भेटेल.