फाल्गुनातली टेकडी राखताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. कॉलेजातली मुलं-मुली गोळा करून दर रविवारी वेताळ टेकडीवर काम करायचं ठरवलंयस, याचा फार आनंद झाला. तुझ्या यादीत तीन कामं आहेत: वाळकं गवत कापून टेकडी स्वच्छ करणं, खड्डे घेऊन रोपं लावणं आणि पाखरांसाठी पाणी ठेवणं. पहिलं काम करू नका. दुसरं या महिन्यात करू नका. तिसरं करणार असाल तर नेमाने करा. असं का सांगतो ते जरा सविस्तर लिहितो.

फाल्गुनात टेकडी उजाड दिसते. गवत पिवळं पडलेलं, मोईला पान नाही, सालई नुसत्या फांद्या घेऊन उभी. खालून बघणाऱ्याला वाटतं, इथे काहीतरी करायला हवं. पण थोडं वर चढून बघ. पळस पेटलाय, त्यावर साळुंक्या आणि शिंजीर दिवसभर भांडताहेत. गणेराच्या निष्पर्ण फांदीला तळहाताएवढी पिवळीजर्द फुलं लागली आहेत. वारसाच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडलाय. ही आपल्या कोरड्या डोंगरातली झाडं पानं टाकून देतात आणि मग फुलतात. पुढे उन्हात शेंगा पिकतात, बी पडतं आणि पहिल्या पावसाची वाट बघत राहतं. एवढा उद्योग चाललेल्या जागेला उजाड म्हणू नये.

गवताचंही तेच. तुझ्या पायमोज्यात रुतणारं कुसळ एकदा काढून हातात घे. एका टोकाला टोकदार बी, त्यावर मागे वळलेली बारीक लव, आणि पाठीमागे पीळ पडलेली लांब शेपटी. त्या शेपटीवर पाण्याचा थेंब टाक आणि तळहातावर ठेवून बघ, ती हळूहळू उलगडत फिरायला लागते. वाळली की पुन्हा पीळ घेते. रात्रीचा ओलावा आणि दिवसाचं ऊन यांच्या जोरावर हे बी स्वतःला मातीत गिरमिटासारखं रुतवून घेतं. म्हणजे ज्याला आपण कचरा म्हणून उपटणार, ती पुढच्या वर्षीच्या कुरणाची पेरणी आहे. त्याच गवताच्या बुडाशी ससे आणि तित्तर लपतात, किड्यांचे कोष असतात. सरकारी दप्तरात अशा माळरानांची नोंद वर्षानुवर्षं 'पडीक' म्हणून होत आली, आणि पडीक म्हटलं की झाडं लावून ती भरून काढायची इच्छा होतेच.

पुण्याच्या टेकड्यांवर उंदीरमारीचं झाड आलं ते अशाच इच्छेतून. तू उंदीरमारीला गिरिपुष्प म्हणून ओळखतेस. मूळची मध्य अमेरिकेतली. गुरं तिला फारसं तोंड लावत नाहीत, फांदी खोचली तरी जगते, पाणी कमी लागतं, म्हणून एकेकाळी ती सढळ हाताने लावली गेली. सध्या ती फिक्या गुलाबी फुलांनी बहरली आहे आणि लोक तिच्याखाली फोटो काढताहेत. फुलं सुंदर आहेत, यात वाद नाही. पण पुढे शेंगा तडकतात, बिया लांबवर उडतात आणि कुसळी गवताच्या जागी हिचीच रोपं दाटतात. तरी हातात कोयता घेऊन निघू नका. एक तर वनजमिनीवर परवानगीशिवाय फांदीही तोडता येत नाही. दुसरं, नुसती तोडली की बुंध्यातून चार फांद्या जास्त फुटतात. तिची कोवळी रोपं मुळासकट उपटायची, तीही वनरक्षकांच्या सांगण्याने आणि आषाढात, माती ओली असताना. आत्ता जमीन दगडासारखी आहे, रोप मधेच तुटेल आणि मूळ आत राहील.

मग आत्ता करायचं काय? वणवा होऊ द्यायचा नाही. मला विचारशील तर फाल्गुन-चैत्रात टेकडीसाठी याहून मोठं काम नाही.

आपल्याकडे वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम धरतो. आपल्या टेकड्यांवर आग आपोआप लागत नाही. कोणी सिगारेट टाकतं, कोणी पायथ्याशी कचरा पेटवतं, कोणी रात्री शेकोटी करून तशीच सोडून जातं, तर कोणाची समजूत असते की जुनं गवत जाळलं की नवं चांगलं येतं. जाड बुंध्याचं झाड अशा आगीतून बरेचदा वाचतं. दोन-तीन वर्षांची रोपं वाचत नाहीत. आणि मार्चपासून टिटवी जमिनीवर अंडी घालू लागते. घरटं असं नसतंच. जरासा खळगा, भोवती खडे, आणि त्यात बहुधा चार मातकट ठिपक्यांची अंडी, टोकं आत वळवून मांडलेली. दोन पावलांवरूनही ती खड्यांत हरवून जातात. रातवा पक्षी तर तेवढाही खळगा करत नाही. आग गेल्यावर वरून टेकडी नुसती काळी दिसते, त्यात काय गेलं ते कोणालाच कळत नाही. पुढे पहिल्याच वळवाने उघडी पडलेली माती ओढ्यात जाते, आणि आपल्या बेसॉल्टच्या कातळावर ती मुळातच वीतभर असते.

गवत कापायचं ते फक्त जाळरेषेवर. आगीला पुढे सरकायला काही मिळू नये म्हणून वन विभाग हे पट्टे मोकळे ठेवतो. तिथे पालापाचोळा ओढायला माणसं कमीच पडतात, तुमचे हात तिथे लागू द्या. कापलेलं गवत पट्ट्याच्या कडेला रचून ठेवू नका, खाली न्या.

धूर दिसला तर आधी फोन. वन विभागाचा १९२६, अग्निशमन दलाचा १०१. मग वारा कुठून येतोय ते बघा. आग चढावर धावते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला कधीही उभं राहायचं नाही. विझवायची ती अनुभवी माणसांनी, बाजूने येऊन, हिरव्या डहाळ्यांनी झोडपत. तुझ्या नवख्या मंडळींनी रस्त्यावर थांबून बंबाला वाट दाखवावी, पाणी पोचवावं. अंगावर सुतीच कपडे हवेत, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. आग विझल्यावरही तासभर थांबावं लागतं. वाळलेलं शेण आणि जुने बुंधे आतून धुमसत राहतात आणि वारा आला की पुन्हा पेटतात.

पण यातलं काही करायची वेळ न येणं उत्तम, आणि त्यासाठी टेकडीवर माणूस दिसायला हवा. संध्याकाळी पाच ते सात दोघं-तिघं मिळून फिरत जा. होळीच्या आधीचा आठवडा तर चुकवू नका, लाकडासाठी कुऱ्हाडी तेव्हाच वर येतात. पायथ्याच्या मंडळांतल्या मुलांशी आधीच जाऊन बोल. धमकावू नकोस, त्यांना टिटवीची जागा लांबून दाखव. तुझ्याच वयाची मुलं आहेत, ऐकतात. मात्र त्या जागेचा फोटो ग्रुपवर टाकू नकोस.

गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांना पाणी घालणं हे दुसरं काम. खालून पाच लिटरचा कॅन भरून न्यायचा, आळ्यात सावकाश ओतायचं, वर पालापाचोळ्याचं आच्छादन करायचं. रोज ओंजळभर शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर दिलं की मूळ खोल जातं. नवं रोप लावण्याआधी हे जगवू. पाखरांसाठी ठेवायची भांडी उथळ हवीत, आत एक दगड हवा, आणि दर दोन दिवसांनी घासायला कोणाचं तरी नाव नेमून द्यायला हवं. नाव नसेल तर भांडं ठेवूच नका, त्यात डास होतील.

या आठवड्यात वनरक्षकांना भेटून घे, तुमच्या गटाचं पत्र दे, जाळरेषेचं काम कुठे चाललंय ते विचार. रविवारी सकाळी साडेसहाला मी वेताळाच्या देवळापाशी येतो. सगळ्यांना बूट घालून यायला सांग, दोन-चार दाताळी आणि रिकाम्या गोण्या आण. पाण्याचे कॅन मी आणतो.

तुझा,
काका