डिसेंटरला ‘पाखंडी’ म्हणावं का?

एका अनुवादकाचा प्रश्न: इंग्लंडच्या इतिहासात ‘डिसेंटर’ आणि ‘नॉनकन्फॉर्मिस्ट’ हे शब्द (म्हणजे सरकारी चर्चबाहेरचे प्रोटेस्टंट ख्रिस्ती) वारंवार येतात. दोन्हींना ‘पाखंडी’ चालेल का?

माझं मत, नको. पाखंडी म्हटलं की श्रद्धाच नाकारणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. (अशोकाच्या लेखांत ‘पासंड’ म्हणजे नुसता पंथ, कुठलाही. शिवी नंतर चिकटली.) डिसेंटरांतले बहुतेक लोक चांगले बायबल कोळून प्यालेले. तक्रार होती ती राजमान्य, म्हणजे सरकारी चर्चबद्दल: बिशपांचा अधिकार, सरकारने ठरवून दिलेलं प्रार्थनापुस्तक. १६६२च्या कायद्याने ते पुस्तक सक्तीचं केलं. त्याआधीच्या दोन वर्षांतले धरून सुमारे २००० धर्मोपदेशकांच्या जागा गेल्या. ‘नॉनकन्फॉर्मिस्ट’ म्हणजे त्या सक्तीला न जुमानणारे. ‘डिसेंटर’चा मूळ लॅटिन अर्थ ‘वेगळं वाटणारे’. व्यवहारात माणसं तीच: बॅप्टिस्ट (मोठेपणीच बाप्तिस्मा देणारे), प्रेसबिटेरियन (बिशपांऐवजी वडीलमंडळींनी चर्च चालवावं म्हणणारे), इंडिपेंडंट (प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपणच पाहावा म्हणणारे), क्वेकर (पाद्रीच न मानणारे).

आता खरी मेख. स्कॉटलंडमध्ये १६९०पासून प्रेसबिटेरियन चर्चच राजमान्य. म्हणजे एडिंबरोचा प्रेसबिटेरियन सरहद्द ओलांडून इंग्लंडातल्या न्यूकॅसलला आला की डिसेंटर, आणि बिशप मानणारा इंग्रज उलट दिशेने गेला की तोही तसाच! श्रद्धा तसूभर बदललेली नाही. म्हणून ‘भिन्नमतवादी’सुद्धा नेमका बसत नाही, या शब्दात मतापेक्षा सरकारी चर्चशी असलेलं नातं आहे. पहिल्यांदा ‘राजमान्य चर्चबाहेरचे, म्हणजे डिसेंटर’ असं लिहावं आणि पुढे सरळ ‘डिसेंटर’. ‘बंडखोर’ तर मुळीच नको. १६८९च्या कायद्याने त्यांतल्या बहुतेकांना उपासनेची मोकळीक मिळाली, पण ऑक्सफर्डची पदवी त्यांना १८५४पर्यंत मिळत नव्हती. तरी ते आपल्या अकादम्या काढून शिकवत राहिले.

‘चर्च’ शब्दाचीही एक गंमत. क्वेकर पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स चर्चच्या इमारतीला ‘चर्च’ म्हणायला तयार नव्हता, तो तिला ‘मनोऱ्याचं घर’ म्हणे. चर्च म्हणजे जमलेली माणसं, दगडविटा नव्हेत. मराठी बायबलात याला ‘मंडळी’ म्हणतात, आणि हा शब्द इथे इंग्रजीपेक्षाही चपखल आहे. १८१३ साली मुंबईत आलेल्या, पुढे अहमदनगरला रुजलेल्या अमेरिकन मराठी मिशनचं मूळ इंडिपेंडंटांसारख्याच, आपला कारभार आपणच पाहणाऱ्या मंडळ्यांत होतं. त्यामुळे ‘इंडिपेंडंट’साठी मी ‘स्वतंत्र मंडळीवाले’ बिनधास्त वापरेन.