ऑक्टोपसाला 'अष्टपाद' म्हणावं का?

ठाण्यात कोपरीला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा मुलगा सातवीत. 'माझा आवडता प्राणी' या निबंधात त्यानं लिहिलं, 'ऑक्टोपसने आपल्या आठ नांग्यांनी खेकड्याला पकडले.' बाईंनी 'ऑक्टोपसने' खोडलं आणि वर लाल शाईनं 'अष्टपादाने' लिहिलं. मुलगा हिरमुसला, असं कुणी बोलतच नाही, म्हणाला. ताई विचारतात, ऑक्टोपसाला मराठीत खरा शब्द कोणता? आणि 'ऑक्टोपसने' बरोबर की 'ऑक्टोपसाने'?

ताई, 'ऑक्टोपस'च राहू द्या. आज मराठीत या प्राण्याचं नाव तेच आहे. पण बाईंनी सुचवलेला शब्द आपुलकीतून आलाय, आणि तो का चालत नाही हे मुलाला नीट कळायला हवं. 'असं कुणी बोलत नाही' एवढ्यावर विषय मिटवला तर एका चांगल्या शब्दावर अन्याय होईल.

'अष्टपाद' शब्द म्हणून देखणाच आहे. 'ऑक्टोपस' मूळचा ग्रीक: 'ओक्तो' म्हणजे आठ, 'पूस' म्हणजे पाय. हे 'ओक्तो' आणि आपलं 'अष्ट' एकाच घराण्यातले, आणि तो 'पूस' आणि आपला 'पाद'सुद्धा. जुन्या रोमन वर्षातला आठवा महिना म्हणून ऑक्टोबर, तोही याच कुळातला. तेव्हा ऑक्टोपसाचं 'अष्टपाद' करणं म्हणजे शब्दाला त्याच्या चुलतभावाच्या घरी नेणं. अडचण एवढीच की त्या घरात आधीपासून बरीच माणसं राहतात.

संस्कृतात 'अष्टपाद' म्हणजे कोळी, जाळं विणणारा किडा. 'अष्टपाद' म्हणजे शरभही. पुराणांत आठ पायांचा सांगितलेला, सिंहालाही भारी पडणारा तो काल्पनिक पशू. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर तो कोरलेला असतो. जंजिऱ्याच्या दरवाजावर हत्तींना पंजात धरलेलं शिल्प ज्यांनी पाहिलंय त्यांना तो लगेच आठवेल, फक्त शिल्पात त्याला चारच पाय दिसतात. याच शब्दाचं जुळं रूप 'अष्टापद'. त्याचा अर्थ सोनं, आणि आठ बाय आठ घरांचा खेळायचा पटही. जैनांच्या परंपरेत ऋषभदेवांचं निर्वाण झालं त्या पर्वताचं नाव अष्टापद. इतकी कामं करणाऱ्या शब्दाला समुद्रातला आणखी एक पाहुणा सांभाळायला सांगणं मला बरं वाटत नाही.

मुलाला हे समजावायचं तर त्याच्याच ओळखीतलं उदाहरण द्या. स्पायडरमॅनच्या कॉमिकमध्ये १९६३ साली एक खलनायक आला, डॉक्टर ऑक्टोपस. त्याला चार यांत्रिक बाहू, शिवाय स्वतःचे दोन हात आणि दोन पाय, असे मिळून आठ. सगळीकडे 'अष्टपाद' लिहायचं ठरवलं तर नायकही अष्टपाद आणि खलनायकही अष्टपाद. मग कोण कुणाला मारतंय हे कळायचं कसं?

आता 'कोळी' या शब्दाकडे बघा. मराठीत जाळं विणणाराही कोळी आणि जाळं टाकणाराही कोळी. दोघांचं पोट जाळ्यावर. पहिल्याचं जाळं ते कोळिष्टक, दुसऱ्याच्या जाळ्यात ऑक्टोपस येतो. म्हणून 'अष्टपादाला मराठीत काय म्हणतात' हे मी पुस्तकं मिटून दुसऱ्या कोळ्यांना विचारायचं ठरवलं. मी नेरूळला राहते, तेव्हा बेलापूरजवळच्या दिवाळे गावातला मासळीबाजार जवळचाच.

माझ्या नेहमीच्या मावशींच्या पाटीत त्या दिवशी माकूल होतं. ठाणे-नवी मुंबईकडे माकूल, खाली रत्नागिरी-मालवणकडे गेलात की म्हाकूल. मावशींनी एक दांडगं माकूल हातात घेतलं, पाठीवर अंगठा दाबला, आणि आतून पांढरीशुभ्र, होडीच्या आकाराची चपटी पाटी सरकन बाहेर आली. हाच समुद्रफेस किंवा समुद्रफेन. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो, पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना चोच घासायला देतात. नाव ठेवणाऱ्यांना तो समुद्राचा वाळलेला फेसच वाटला असणार. निघतो मात्र माकुलाच्या पोटातून. मावशींच्या बोटांना शाई लागली होती, पाणी ओतलं तरी जात नव्हती. जुन्या फोटोंच्या तपकिरी छटेला आपण सेपिया म्हणतो, ते नाव याच शाईवरून आलंय. सेपिया म्हणजे ग्रीकांचं माकूल.

मी तोंडाभोवतीचे पाय मोजले. आठ आखूड, आणि दोन लांब, टोकाशी पळीसारखे चपटे. एकूण दहा. मग मोबाइलवर ऑक्टोपसाचा फोटो काढून मावशींना दाखवला. त्यांनी तो दूर धरून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्यो पन माकुलातलाच. जाल्यान येतो कवा कवा. पन त्याचे पोटान काय नाय, निस्ता मास."

हे वाक्य मी तिथंच लिहून घेतलं. प्राणिशास्त्र वेगळं काही सांगत नाही. माकूल आणि ऑक्टोपस दोघेही शीर्षपाद, म्हणजे ज्यांचे पाय थेट डोक्यालाच फुटलेत असे. आणि दोघेही मृदुकाय, म्हणजे आपल्या तिसऱ्या, कालवं आणि अंगणातली गोगलगाय यांचे नातलग. माकुलाच्या पोटात पाटी, ऑक्टोपसाच्या नाही. त्याच्या अख्ख्या अंगात टणक म्हणावी अशी वस्तू म्हणजे पोपटासारखी चोच. ती शिरेल तेवढ्या फटीतून बाकीचा देह मागोमाग निघतो. २०१६ साली न्यूझीलंडमधल्या नेपियर शहरातल्या मत्स्यालयातून इंकी नावाचा ऑक्टोपस असाच रात्री टाकीबाहेर पडला आणि सांडपाण्याच्या नळीतून समुद्रात निघून गेला. 'पोटान काय नाय' याचा हा पुरावा!

आणखी एक गोष्ट आहे, ती आठवली तेव्हा मला फार आनंद झाला. १७५८ साली लिनीअसनं प्राण्यांना दोन पदांची शास्त्रीय नावं देताना ऑक्टोपसाला नाव दिलं 'सेपिया ऑक्टोपोडिया'. आपल्या भाषेत सांगायचं तर 'आठ पायांचं माकूल'. दिवाळ्याच्या मावशी आणि लिनीअस यांचं एकमत आहे.

कोळ्यांचा शब्द भाषेत वर येऊ शकतो का, असं कुणी विचारलं तर फ्रेंचांचं उदाहरण आहे. व्हिक्टर ह्यूगो देशाबाहेर घालवलेला असताना ग्वेर्नसी बेटावर राहत होता. त्या बेटावरचे मच्छीमार ऑक्टोपसाला 'प्योव्र' म्हणत. १८६६ साली छापलेल्या कादंबरीत ह्यूगोनं तोच शब्द वापरला, आणि तो साऱ्या फ्रान्सच्या तोंडी बसला. राजधानीतल्या पंडितांना न विचारता, खाडीकाठच्या माणसांच्या बोलीतून. आपल्याकडे असा लेखक निघेल तेव्हा निघेल, तोवर मुलानं निबंधात 'ऑक्टोपस हा माकुलाचा भाऊबंद आहे' असं एक वाक्य घातलं तर मला ते 'अष्टपादा'पेक्षा दसपट मोलाचं वाटेल. बाईंनाही आवडेल.

'अष्टपाद' नको म्हणण्याला आणखी एक कारण आहे. ऑक्टोपसाचे ते आठ अवयव पाय मानायचे की हात? अभ्यासक त्यांना बाहू म्हणतात. त्यांनी तो दगड चाचपतो, शिंपले उघडतो, घराच्या तोंडाशी दगड रचतो. नेमकेपणानं बोलायचं तर तो अष्टभुज, पण तिथं आपली अष्टभुजा देवी आहे, तेव्हा तोही शब्द मोकळा नाही. विशेषण म्हणून मात्र आपल्याकडे एक शब्द त्याच्यासाठीच बनवल्यासारखा आहे: अष्टावधानी. त्याच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतल्या जवळजवळ दोन-तृतीयांश डोक्यात नसून बाहूंत असतात. एक बाहू कपारीत खेकडा शोधत असताना दुसरा आपल्या मनानं भलतंच काही चाचपत असतो. एका वेळी आठ ठिकाणी लक्ष ठेवणारा म्हणजे आणखी काय?

ताईंनी विचारलं नाही, पण 'ऑक्टोपसाचा विळखा' हा प्रयोग रोज वाचनात येतो, त्यामुळे त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. अतिक्रमणांचा ऑक्टोपस, भूमाफियांचा ऑक्टोपस. काहींना ही इंग्रजीची उसनवारी वाटते. प्रतिमा आली तिकडूनच हे खरं. १८७७ च्या एका विलायती व्यंगनकाशात रशिया ऑक्टोपस होऊन शेजाऱ्यांचे गळे आवळताना दाखवलाय, आणि १९०४ मध्ये अमेरिकेतल्या 'पक' साप्ताहिकानं स्टँडर्ड ऑइल कंपनीला ऑक्टोपस करून तिचे बाहू संसदेच्या इमारतीभोवती गुंडाळले. पण ती मराठीत टिकली ती आपल्या गरजेमुळे, असं माझं मत आहे. आपल्याकडे पकडीचे प्राणी कमी नाहीत. सुटता न येणारी ताकद म्हणजे मगरमिठी. हट्टानं चिकटणारी घोरपड. रक्त पिणारी जळू, तसाच गोचीड. विळखा तर सापाचा, अजगराचा, वेलीचा. यांतला प्रत्येक जण एका वेळी एकालाच धरतो. एका जागी बसून, स्वतः नजरेआड राहून, एकाच वेळी आठ दिशांना हात घालणारं कुणी आपल्या वाक्प्रचारांत नव्हतं. ती रिकामी जागा ऑक्टोपसानं घेतली, आणि येताना आपला जुना 'विळखा' सोबत घेतला. असा शब्द मला परका वाटत नाही.

त्या बिचाऱ्या प्राण्याबद्दल मात्र वाईट वाटतं. तीन हृदयं असलेला, निळ्या रक्ताचा, दिवसाचा बराच वेळ कपारीत लपून काढणारा जीव. मादी अंडी घालते आणि ती फुटेपर्यंत खाणंपिणं सोडून राखत बसते, मग मरून जाते. बातम्यांतल्या ऑक्टोपसाशी याचं काही नातं नाही.

आता 'ऑक्टोपसने' की 'ऑक्टोपसाने'. दोन्ही चालतात, पण माझा कौल 'ऑक्टोपसाने'ला. फणस-फणसाने, कापूस-कापसाने, तसा हा. परका शब्द मराठीत नवा असतो तोवर आपण त्याला हात न लावता प्रत्यय जोडतो, 'मोबाइलवर' म्हणतो. रुळला की त्याचं सामान्यरूप होतं. 'टेबलावर' म्हणताना कुणी अडखळत नाही. 'स्टेशन' अजून मधेच आहे, माझी आई 'ठाणे स्टेशनावर' म्हणायची, मी 'स्टेशनवर' म्हणते. ऑक्टोपस रुळला हे मला २०१० च्या विश्वचषकात कळलं. जर्मनीतल्या ओबरहाउझेनच्या मत्स्यालयातला पॉल ऑक्टोपस दोन झेंडे लावलेल्या डब्यांतून खाऊ उचलून फुटबॉल सामन्याचा विजेता सांगायचा. जर्मनीचे सात सामने आणि अंतिम सामना, आठच्या आठ बरोबर. तेव्हा ठाणे-वाशी गाडीत आमच्या डब्यातल्या बायका कशावरही, अगदी पाऊस पडेल का यावरही, 'ऑक्टोपसाला विचारा' म्हणत. 'ऑक्टोपसला' नव्हे, 'ऑक्टोपसाला'. व्याकरण कुणी शिकवलं नव्हतं, जिभेनं आपणहून केलं. अनेकवचन 'फणस' तसं 'ऑक्टोपस'च: एक ऑक्टोपस, दहा ऑक्टोपस, दहा ऑक्टोपसांना.

राहिलं निबंधातलं वाक्य. त्यात खरी चूक एकच आहे आणि ती लाल शाईतून निसटली: 'नांग्या'. नांगी खेकड्याची, विंचवाची. तिला टोक असतं, ती चावते किंवा डसते. ऑक्टोपसाच्या बाहूंना चूषक असतात, वाटीसारखे, दोन रांगांत, ते हवा खेचल्यासारखे चिकटतात. 'बाहू' म्हणावं, बोलताना 'हात' म्हटलं तरी चालेल. 'नांग्या' शब्द मुलाला आवडला असेल तर तो फेकायला नको, त्याच्या मालकाला परत द्यावा: 'खेकड्याने नांग्या उगारल्या, पण ऑक्टोपसाने त्याला आठही बाहूंनी जखडले.'