पहिल्या वर्षाला आहे. शोधनिबंध वाचून लक्षात राहत नाहीत आणि असाइनमेंट स्वतःच्या शब्दांत लिहिता येत नाही. नेमकं काय करावं?

तुम्ही दोन अडचणी सांगितल्यात, पण दोन्हींचं मूळ एकच दिसतं: टिपणं. निबंध समोर उघडा ठेवून टिपणं काढली की ती नक्कल होते आणि पुढे असाइनमेंटमध्ये तीच उतरते.

आधी वाचन. शोधनिबंध पहिल्या ओळीपासून सलग वाचायला घेऊ नका. १२ पानांचा असेल तर पहिली १० मिनिटं एवढंच पाहा: शीर्षक, सारांश, प्रस्तावनेचे शेवटचे दोन परिच्छेद (लेखकाचा प्रश्न बहुधा तिथेच सापडतो), उपशीर्षकं, तक्ते-आकृत्या आणि समारोप. या फेरीत हायलायटर लांब ठेवा. पहिल्या वाचनात सगळंच महत्त्वाचं वाटतं, अख्खं पान पिवळं होतं आणि खुणेला काही अर्थ उरत नाही. १० मिनिटांनी ठरवा, हा आपल्या कामाचा आहे का? नसेल तर खुशाल बाजूला ठेवा.

कामाचा असेल तर पाऊण-एक तासाची दुसरी फेरी, पेन्सिल घेऊन. समासात तीन खुणा पुरतात: दाव्याला 'दा', पुराव्याला 'पु' आणि कळलं किंवा पटलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. पद्धतीचा भाग सुरुवातीला जड जातोच. तिथे अडकून पडण्यापेक्षा अभ्यास कोणावर केला, किती जणांवर केला आणि काय मोजलं, एवढं शोधून पुढे सरका.

आता सगळ्यात महत्त्वाची आणि बहुतेक जण गाळतात ती पायरी. निबंध बंद करा आणि आठवून पाच ओळी लिहा: प्रश्न काय होता, उत्तर कसं शोधलं, काय मिळालं, युक्तिवाद कुठे लंगडा वाटतो, माझ्या असाइनमेंटला याचा काय उपयोग. मग निबंध उघडून ताडून पाहा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग इथे लागू पडतो. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे. वाचल्या वाचल्या 'येतंय' असं जे वाटतं, त्यावर म्हणूनच विसंबू नका. सारांश करून देणारी टूल्स वापरलीत तर नेमकी हीच पायरी हातची जाते.

एखादं वाक्य जसंच्या तसं टिपायचं असेल तर त्याच क्षणी अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक टाका. तीन आठवड्यांनी आपलं वाक्य कुठलं आणि लेखकाचं कुठलं, हे वहीवरून ओळखता येत नाही. वाङ्मयचौर्याचे बरेच आरोप अशा गफलतीतून येतात.

स्वतःच्या शब्दांत म्हणजे प्रतिशब्द बदलणं, हा गैरसमजही फार आहे. समजा मूळ वाक्य असं आहे: 'झोप अपुरी झाल्यास एकाग्रता घटते आणि परिणामी स्मरणशक्ती कमकुवत होते.' त्याचं 'निद्रा कमी झाल्यास लक्ष कमी होते व त्यामुळे स्मृती दुर्बळ होते' असं केलं तर ते ठिगळकाम झालं. वाक्याचा सांगाडा तोच राहिला. मूळ न बघता लिहिलं तर असं काहीतरी येईल: 'लेखकाच्या मते अपुऱ्या झोपेचा पहिला फटका एकाग्रतेला बसतो, विसरणं ही त्यापुढची पायरी.' अर्थात संदर्भ इथेही द्यायचाच, कारण कल्पना त्यांची आहे.

लिहायला बसण्याआधी एक तक्ता करा. आडव्या ओळींत निबंध, उभ्या रकान्यांत तुमचे मुद्दे. असाइनमेंटमधले परिच्छेद रकान्यांवरून पाडायचे. ओळींवरून पाडले की 'अमुक म्हणतात, तमुक म्हणतात' अशी जंत्री तयार होते. रकाना वाचताना दोन लेखकांचं कुठे जुळतं, कुठे फाटतं हे दिसतं आणि तुमचं म्हणणं त्यातून निघतं. ते एका वाक्यात लिहा, आणि कोणी त्यावर 'मला नाही पटत' म्हणू शकेल असं असू द्या. 'समाजमाध्यमांचे फायदे-तोटे आहेत' यावर कोण भांडणार? प्रश्नातलं क्रियापदही पुन्हा बघून घ्या. 'चिकित्सा करा' म्हटलेलं असताना नुसतं वर्णन केलं की चांगल्या लेखालाही गुण कमी पडतात.

१५०० शब्दांना सात-आठ परिच्छेद पुरे. एका परिच्छेदात एक दावा, त्याचा पुरावा आणि या पुराव्यावरून तो दावा कसा निघतो याचं तुमचं स्पष्टीकरण. तिसरा भाग हमखास राहतो. परिच्छेद संदर्भाच्या कंसावरच संपत असेल तर तिथे दोन वाक्यं कमी आहेत असं समजा. एकाच अभ्यासावरून 'सिद्ध झाले' लिहू नका, 'दिसून आले' म्हणा. प्रस्तावना शेवटी लिहा; आपण काय म्हणणार आहोत हे तोवर आपल्यालाही धड माहीत नसतं.

कच्चा मसुदा झाला की एक दिवस तसाच राहू द्या. नंतर प्रत्येक परिच्छेदाशेजारी त्याचा मुद्दा एका ओळीत लिहा. ओळ लिहिता येत नसेल तर त्यात दोन मुद्दे घुसलेत, तो फोडा. दोन ओळी सारख्या आल्या तर ते परिच्छेद एकत्र करा. फक्त ओळी वाचून युक्तिवाद लागत नसेल तर क्रम बदला. शुद्धलेखन आणि संदर्भसूची त्यानंतर. जो परिच्छेद उद्या उडवायचा आहे, त्याच्या वेलांट्या आज कशाला तपासायच्या?